पाट्यांचा रकाना : प्रकल्प नोंदी

३ मार्च

शेतकरी बायकांसाठीच्या सेंद्रिय खत प्रकल्पाची पहिली बैठक. २२ जणी आल्या. सुरू व्हायला तासभर उशीर झाला, कारण वेळ आम्ही परस्पर ठरवली होती. पुढच्या बैठकीची वेळ त्यांनीच ठरवली : दुपारी तीन. त्या आधी कुणाचेच हात रिकामे नसतात.

नोंदणीच्या फॉर्मवर पहिल्याच ओळीला गाडी अडली. 'शेतकऱ्याचे नाव'. एकीने नवऱ्याचं नाव सांगितलं, दुसरीने सासऱ्याचं. तिसरीने मलाच विचारलं, "ताई, जमीन ज्याची त्याचं नाव सांगू, की राबतं त्याचं?" फॉर्मवर जागा एकाच नावाची. मी राबणारीचं लिहिलं आणि समासात टीप टाकली. जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या चौघीच निघाल्या. सहा जणी दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा वाट्याने करतात. एक हेक्टरच्या वर कुणीच नाही.

आमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालातला आकडा ठळक छापलाय : सारख्याच आकाराच्या शेतांत, बाई चालवते त्या आणि पुरुष चालवतो त्या शेताच्या उत्पादकतेत २४ टक्क्यांचं अंतर. त्याखाली लगेच उपाय : 'सेंद्रिय खत प्रशिक्षण'. वाचणाऱ्याला वाटावं, बायकांना खत कसं करायचं ते माहीत नाही म्हणून हे अंतर पडलंय. मूळ अहवाल जमीन, अवजारं, कर्ज आणि घरकामात जाणारा वेळ यांबद्दल बोलतो. हे मी प्रस्ताव लिहिताना बोलायला हवं होतं.

६ मार्च

उकिरडे बघत फिरले. शिकवायला गेले होते, निम्मा वेळ शिकण्यात गेला. सर्वांत वयस्कर आजींनी ढिगात हात खुपसून मूठभर खत काढलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "अजून शेणाचा वास आहे. मातीचा वास यायला लागला की न्यायचं." प्रयोगशाळेत पक्वता मोजायच्या चाचण्या आहेत, पण गावपातळीवर याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळीकडे सारखीच चुकत होती. गोठ्यातलं मूत उताराने थेट बाहेर जातं. गुरं जेवढं नत्र (नायट्रोजन) बाहेर टाकतात त्यातलं निम्म्याच्या आसपास मुतात असतं. म्हणजे शेण जपून ठेवायचं आणि निम्मं खत गटारात सोडायचं असं चाललंय. उपाय साधा : जनावराखाली रोज सुका पालापाचोळा, भुसा, काडीकचरा पसरायचा, तो भिजला की सकाळी शेणाबरोबर ढिगावर. खर्च काही नाही, एवढं मी वहीत लिहिलं. मग खोडलं. तो पाचोळा रोज गोळा करून आणणार कोण?

१० मार्च

आज ताणकाटा नेला होता. शेण नेण्याची पाटी भरून टांगली : ओलसर शेणखत, पाटीसकट २१ किलो. दुसरी १९. हिशेबाला सरसकट २० धरते.

मग जमिनीवर काडीने आकडे मांडत बसलो. पाव एकराला, म्हणजे साधारण १००० चौरस मीटरला, हेक्टरी १० टनांच्या शिफारशीने एक टन शेणखत लागतं. त्याच्या ५० पाट्या. विहिरीजवळच्या काकूंचा उकिरडा शेतापासून ६०० मीटरवर आहे (पावलांनी मोजलं). जाऊन-येऊन १.२ किलोमीटर. पन्नास खेपांचे ६० किलोमीटर. त्यातले ३० डोक्यावर २० किलो घेऊन. हे फक्त पाव एकराचं, आणि शेतात पोचवण्यापुरतं. पसरणं, मातीत मिसळणं वेगळं.

आकडा ऐकून कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. वाटलं ते मला.

तिथेच दुसराही हिशेब झाला, कारण गटप्रमुख ताईंनी विचारलंच : "पन्नास किलो युरियाएवढं व्हायला शेणखत किती?" ५० किलो युरियात ४६ टक्क्यांप्रमाणे २३ किलो नत्र. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असतं. तेवढ्या नत्रासाठी ४६०० किलो शेणखत, म्हणजे २३० पाट्या. वर त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला मिळतं ते साधारण तिसरा हिस्सा. बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं.

शेणखताच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्या २३० पाट्यांबरोबर जवळपास तेवढंच पालाश (पोटॅश) जातं, नऊएक किलो स्फुरद (फॉस्फरस) जातं, सूक्ष्म अन्नद्रव्यं जातात आणि मुख्य म्हणजे सेंद्रिय कर्ब जातो, जो युरियात शून्य. माती पाणी धरते, नांगराला हलकी लागते. हे सगळं मी सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "खत चांगलंच आहे हो," म्हणाल्या, "वाईट माझी मान आहे."

घरी येऊन नोंदवहीत एक रकाना वाढवला : पाट्या. अधिकृत फॉर्मवर 'प्रशिक्षित महिला', 'तयार केलेले खड्डे' आणि 'खत (किलो)' एवढंच आहे.

१४ मार्च

प्रात्यक्षिकाचा दिवस. प्रस्तावात नाडेप टाकं आहे, म्हणजे कचरा कुजवून खत करायचं बांधीव टाकं. पद्धत पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची, थोड्या शेणात भरपूर खत हा तिचा मोठा गुण. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. भरायला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, शेण जेमतेम १०० किलो, पावणेदोन टन चाळलेली माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. जिच्याकडे एखादंच जनावर आहे तिच्यासाठी कागदावर याहून योग्य काही नाही.

पाण्याचा आकडा वाचला आणि गलका झाला. १५ लिटरच्या हंड्याने १०० ते १३० हंडे. शिवाय माती खणून, चाळून, वाहून आणायची. "टाकं भरेपर्यंत मीच कुजेन," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि बैठक दहा मिनिटं हसण्यात गेली.

टाकं एकच बांधायचं ठरलं, विहिरीला लागून, सामाईक. बाकी सगळ्यांनी साधा ढीग. लांबी-रुंदी-उंची मीटर-मीटरच्या खाली नको, नाहीतर आत ऊब धरत नाही.

थर कसे द्यायचे हे कर्ब-नत्राच्या गुणोत्तरावरून समजावलं. नत्राच्या एका भागाला कर्ब हवा २५ ते ३० भाग. मक्याची वाळकी धाटं ६०च्या आसपास, शेण २०च्या आसपास, कोवळा द्विदल पाला त्याहून कमी, लाकडाचा भुसा कित्येकशे. पण 'गुणोत्तर' म्हटलं की डोळे मिटायला लागतात. आजींनी ते एका वाक्यात बसवलं : "सुकं जास्त झालं तर निजून राहतं, ओलं जास्त झालं तर घाण मारतं." ओलाव्याची परीक्षा मुठीची. दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको.

१७ मार्च

ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवली होती. आज उपसल्यावर हातात धरवेना. थर्मामीटरने ६१ अंश. ५५च्या वर काही दिवस टिकलं तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. ७०च्या पुढे गेलं तर कुजवणारे जिवाणूच मरायला लागतात. टाकं मात्र थंडच आहे. वरच्या थराला पाणी कमी पडलंय. कुणाला दोष देणार?

२६ मार्च

पहिली पलटी. दोन ढिगांतून अमोनियाचा डोळे चुरचुरवणारा वास, म्हणजे नत्र हवेत चाललंय. सुकी धाटं आणि मातीचा पातळ थर दिला. एक ढीग चार तासांत पलटला, दोघींनी. रकान्यात पाट्यांबरोबर तासही लिहायला लागलेय.

२ एप्रिल

गांडूळं मेली. दोष माझा.

आयसेनिया फेटिडा जातीची गांडूळं आणली होती. लाल, पृष्ठभागाजवळ राहणारी, ताजा कचरा भराभर खाणारी. शेतात सापडणारं गांडूळ वेगळं. ते मातीत खोल जातं, या कामाला चालत नाही. वाफा सावलीत केला, बारदान ओलं केलं, सगळं नियमाने. पण खाद्य म्हणून पाच दिवसांचं शेण घातलं. ते आतून तापायला लागलं. गांडुळांना २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. ३५च्या पुढे ती टिकत नाहीत. सकाळी बारदान उचललं तर काही कडेने पळून गेलेली, बाकी मेलेली आणि मुंग्यांची रांग लागलेली. शेण पंधरा-वीस दिवस थंड होऊ दिल्याशिवाय वापरायचं नाही हे माझ्याच पुस्तिकेत पान ९ वर आहे.

जिच्या परसात वाफा होता ती बिचारी माझीच समजूत घालत होती.

९ एप्रिल

खत कुठे जातं ते विचारलं. किती झालं ते आम्ही नेहमी विचारतो; कुठे गेलं ते नाही.

उत्तरं बहुतेक एकाच वळणाची. मोठं शेत, ज्याचं पीक नवरा विकतो, तिथे पहिल्यांदा. बायकांच्या हातातला भाजीचा तुकडा, घेवड्याची कड, तिथे उरलं तर. ढीग घातला तिने, पलटला तिने, वाहिला तिने.

क्रिस्टोफर उड्री या अर्थतज्ज्ञाचा १९९६चा बुर्किना फासोवरचा अभ्यास आठवला. एकाच घरातल्या, एकाच पिकाच्या, एकाच वर्षीच्या जमिनींची तुलना त्याने केली. बायकांच्या तुकड्यांत उत्पन्न सुमारे ३० टक्के कमी. कारण कौशल्याचं नव्हतं. शेणखत आणि मजूर दोन्ही पुरुषांच्या तुकड्यांकडे वळत होते. आहे तेच खत आणि मजुरी घरातल्या घरात नीट वाटली असती तरी एकूण उत्पादन सहा टक्क्यांच्या आसपास वाढलं असतं, असा त्याचा अंदाज. म्हणजे तोटा त्या बाईचा एकटीचा नव्हता, अख्ख्या घराचा होता.

हे मी बैठकीत सांगितलं, थोडी भीत भीत. शांतता. मग एक तरुण मुलगी म्हणाली, "भाजीच्या तुकड्यालाच जास्त गरज असते, ताई. मोठ्या शेताला गोणी तरी येते." तिचं म्हणणं शेतीशास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. थोडं खत मोठ्या रानात पातळ पसरलं तर दिसतही नाही. छोट्या वाफ्यात, बियाजवळ, मुठीमुठीने दिलं तर पीक बोलतं. सात जणींनी ठरवलं की यंदा आधी भाजीचा तुकडा. घरी कसं सांगायचं यावर चर्चा खूप वेळ चालली. ती मी लिहून घेतलेली नाही.

२१ एप्रिल

एकचाकी हातगाडी आली. मुठी इतक्या उंच की उभं राहून उचलताना खांदे कानाला लागतात. बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सहा फुटी गडी असणार. लोहाराकडून मुठी खाली वाकवून घेतल्या. सपाट वाटेवर एका खेपेला तीन पाट्या जातात. बांधावर चढत नाही.

२५ एप्रिल

एकीने बाहेरून शेणखत आणलंय. वापरण्याआधी दोन कुंड्यांत घेवडा लावायला सांगितलं, एकीत हे खत, दुसरीत नुसती माती. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड ही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊन, शेणातून बाहेर पडून, कुजल्यावरही टिकून राहू शकतात. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये अशा शेणखताने भाजीचे कितीतरी मळे वाकडे केले होते. घेवड्याची कोवळी पानं चुरगळली तर ते खत परत. तिने विचारलं, परत कोण घेणार. बरोबर आहे.

(६ मे : दोन्ही कुंड्या ठीक.)

८ मे

पाट्यांच्या रकान्याने पहिल्यांदा काही बदलवलं. आतापर्यंतचे आकडे एकत्र मांडल्यावर दिसलं की वाहतूक दोनदा होते : शेतातली धाटं आधी घरी येतात, मग खत होऊन शेतात जातात. मग ढीग शेताच्या कडेलाच का नको? कचरा कुजताना निम्म्याच्या जवळपास आटतो हे खरं, पण काडीकचरा मुळात शेतातच पडलेला असतो. घरून न्यायचं ते फक्त शेण. १३ जणींनी पुढचा ढीग बांधाला, झाडाच्या सावलीत घालायचं ठरवलं, पहिल्या पावसाच्या तोंडावर, म्हणजे पाणीही आभाळाचं. मुसळधार लागला की वरून झाकायचं, नाहीतर नत्र आणि पालाश धुऊन खाली जातं.

आजींना यात नवीन काही दिसलं नाही. "आम्ही असंच करायचो. मग कुणीतरी येऊन खड्डा घराजवळ खणा म्हणून सांगितलं."

१२ जून

पाऊस झाला. काहींनी तागाचं बी टाकलं. फुलावर यायच्या आत, दीडेक महिन्यात, मातीत गाडायचं. मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, म्हणजे हे खत डोक्यावरून न्यावं लागत नाही, जिथे लागतं तिथेच उगवतं. अडचण एवढीच की तेवढे दिवस जमीन अडकते, आणि जिच्याकडे पाव एकर आहे तिने दीड महिना पिकाविना कसा काढायचा? त्यांच्यासाठी बांधावर गिरिपुष्पाच्या काड्या खोचल्या. पुढच्या वर्षीपासून छाटायचं आणि पाला तिथेच सरीत टाकायचा.

३० जून

तीन शेतांतला मका पिवळा. मला आधी पाणी साचल्याचं वाटलं. उकरून बघितलं तर मातीत अर्धवट कुजलेली धाटं तशीच. सामाईक टाक्यातलं खत होतं, तेच जे मार्चमध्ये तापलं नव्हतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःची वाढ करायला नत्र लागतं; काडीत ते नसलं की ते मातीतलं उचलतात आणि पीक उपाशी राहतं. काही आठवड्यांनी ते नत्र परत सुटतं, पण मका तोवर थांबत नाही. तिघींनाही थोडा युरिया द्यायला सांगितलं.

कार्यालयातून फोन : सेंद्रिय प्रकल्पात युरिया कसा? मी म्हटलं, मका मेला तर या तिघी पुन्हा कधी कंपोस्टचं नाव घेणार नाहीत.

१६ जुलै

बैठकीत 'पूर्ण सेंद्रिय' वरून वाद झाला. मीही मत दिलं, द्यायला नको होतं असं नंतर वाटलं नाही. श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन घसरलं आणि नोव्हेंबरपर्यंत सरकारला माघार घ्यावी लागली. सेंद्रिय खत वाईट म्हणून हे झालं नाही. देशभराला पुरेल एवढं खत तयार नव्हतं आणि असतं तरी वाहायचं होतं. ज्या घरात वाहणारी एक मान आहे तिथे गोणी आणि ढीग दोन्ही लागणार; हळूहळू गोणी कमी करू. तरुण मुलीला हे पटलं नाही. ती तिच्या वाफ्यात गोणीतलं काहीच घालत नाही, आणि तिची वांगी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहेत. तिचा वाफा मात्र घराच्या दारात आहे.

४ ऑगस्ट

सहामाही अहवाल परत आला. 'पाट्या' आणि 'तास' हे रकाने काढून टाकायला सांगितलंय. नमुन्यात बसत नाहीत म्हणे. काढले. माझ्या वहीत आहेत.

१९ सप्टेंबर

विहिरीजवळच्या काकूंची जमीन गेली. खंडाची होती. दोन हंगामांत त्यांनी तिथे ११२ पाट्या टाकल्या (माझ्या वहीतून). मालकाने पीक बघितलं, पुढच्या हंगामाला स्वतः करतो म्हणाला. कागद नव्हताच. त्या खतातला मोठा हिस्सा अजून मातीतच आहे, पुढची दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या पिकाला मिळत राहील.

आणि बांधावरचा ढीग. तो शेतकडेला घाला असं मे महिन्यात मीच सांगितलं होतं. सहा जणी खंडाने करतात हे ३ मार्चला माझ्याच हाताने लिहिलेलं असून. काकू काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "जमीन त्याची. ढीग माझा," आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

हातगाडी बांधावर चढेना. दुपारी तीनपासून अंधार पडेपर्यंत पाच जणी होतो. परसात, भाजीच्या तुकड्याच्या कडेला नवा ढीग लावला. मी सहा पाट्या वाहिल्या, सातवीला मान धरली.

आज : पाट्या ४१. उरलेल्या अंदाजे ३०. उद्या सकाळी.